घर बघायचं तर चैत्रात, आणि तेही तंबूत

अध्यक्ष महाराज, आणि पंख्याखालच्या जागा साडेपाचलाच धरून बसलेले श्रोतेहो,

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून आपण मराठी माणसं वसंत ऋतू खुर्चीत बसून साजरा करतो. बाहेर पळस, पांगारा, काटेसावर फुलून जातात आणि आत आपण 'माईक जरा वाढवा' म्हणत असतो. माझी तक्रार नाही. मलाही बोलायला ऐकणारे लागतात.

पत्रिकेत विषय छापलाय, 'निवृत्तीनंतर कुठे राहावं?' याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे आधीच सांगते. कुणाला उठायचं असेल तर आत्ताच उठा, नंतर खुर्च्यांचा आवाज होतो. उत्तर कसं शोधावं, याचं मात्र मला वेड लागलंय.

आमच्या घरी तीन मतं. ह्यांना समुद्र हवा. मला वाई हवी, कृष्णेचा घाट आणि चालत जाण्याच्या अंतरावर भाजी. मुलगी परदेशातून फोनवर एकच शब्द बोलते, लिफ्ट. वाद संपेना, म्हणून आम्ही तंबू घेतला. दुकानात म्हटलं, तिघांचा दाखवा. मुलगा म्हणाला, 'आजी, नातवंडांसाठी का?' म्हटलं, गुडघ्यांसाठी. दोघांच्या तंबूत धड उठून बसताही येत नाही. हसू नका, पहिल्या रांगेतल्या निम्म्यांना तरी हा हिशोब कळलाय.

पण तंबूच्या आधी प्लॉटवाले. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, तुम्हा सगळ्यांना त्यांचे फोन येतात. ऐन श्रावणात त्यांनी आम्हाला बसमधून देवगडच्या बाजूला नेलं. गार हवा, कांदाभजी, चहा, पुन्हा चहा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गुडघाभर गवत, त्यात निळी-पिवळी फुलं, आणि प्लॉटच्या मागे धबधबा. खरा धबधबा! त्यांचा माणूस म्हणाला, 'मॅडम, हा तुमच्या बेडरूममधून दिसणार.' बसमधल्या एका जोडप्याने तिथेच चेक फाडला. आमचे हे खिशातलं पेन चाचपत होते. मी भज्यांची बशी त्यांच्या हातात दिली. दोन्ही हात गुंतले की माणूस सही करत नाही. परतीच्या बसमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत. मग मी म्हटलं, चैत्रात येऊ, एक रात्र राहू, आणि मग काढा पेन.

चैत्रात गेलो. शेजारच्या सड्याच्या मालकाला विचारून त्याच्या जागेत तंबू लावायला घेतला. जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या त्या तांबड्या दगडात, खुंटी जात नाही. हातोडी मारली की खुंटी वाकते आणि दगड तसाच. शेवटी जवळच पडलेले चिरे ओढून आणले आणि दोऱ्या त्यांना बांधल्या. ह्यांनी हौसेनं दार समुद्राकडे केलं. दुपारी फार सुख. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे आपण दोन मार्कांसाठी पाठ केले होते, आठवतंय? रात्री जमिनीकडून वारा सुटला आणि तंबूच्या पाठीत शिरला. वरचं कापड रात्रभर फडफडत होतं. ते दोन मार्क त्या रात्री वसूल झाले.

धबधब्याच्या जागी कातळावर काळा ओघळ. निळी-पिवळी फुलं कधीच गेलेली, सगळं गवत वाळून पिवळं. चूल पेटवायचा विचारही करू नका, कोकणात दर उन्हाळ्यात वणव्यात काजूच्या बागा जळतात. आम्ही झाकण लावून गॅसवर पिठलं केलं.

आणि पाणी. संध्याकाळी कळशी घेऊन विहिरीवर गेले. चिऱ्यांनी बांधलेली सुंदर विहीर, तळाशी एक बाई वाकून तांब्याने कळशी भरत होती. एक कळशी भरली की झरा पुन्हा साठेपर्यंत थांबायचं. वर कळश्यांची रांग. एक म्हातारी मला म्हणाली, "पाणी व्हया तर उजाडूच्या आदी येवा. मगे गाळच गावतलो." प्लॉटच्या माहितीपत्रकात पाणीपुरवठा 'मुबलक' होता.

आता यात गावाचा दोष नाही, दगडाचा स्वभाव आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण जांभा चाळणीसारखा. वरून आलेलं खालून झिरपतं, उतारावरून समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. पावसाळ्यात हे तुम्हाला कोण दाखवणार? विकणारा जागा श्रावणात दाखवतो. घेणाऱ्याने ती चैत्रात बघायची, आणि नुसती बघायची नाही, तिथे झोपायचं.

ही चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर छान आहे. म्हणजे मुख्य विषय आता पाच मिनिटांत.

तर देशावर या. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. त्याच माणमध्ये शिखर शिंगणापूरला चैत्रात यात्रा भरते, सासवडहून कावड येते, मुंगी घाटातून माणसं ती खांद्यावर वर चढवतात. आम्ही पायथ्याशी मुक्काम केला होता. पाण्याचं मोल त्या गावांना माहीत आहे, म्हणून तिथे पाण्याबद्दल थापा कमी. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला बगाडाची जत्रा. तेव्हा गेलात तर गाव कुणाच्या शब्दावर चालतं ते दिसतं, आणि पाहुण्याला जेवायला बोलावतात की नाही तेही. कोकणात शिमग्याला जा. एरवी कुलूप लावलेली घरं पालखीसाठी उघडतात. किती उघडतात ते मोजा, कारण वर्षभर शेजार तेवढाच कमी असणार.

रात्री आजारी पडलात तर दवाखाना किती लांब, ते अंतर दिवसा नाही, रात्री गाडी चालवून बघा. आणि कागद! १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा 'नंतर बिनशेती करून देऊ' म्हणणाऱ्याला आधी करून आण म्हणावं. सातबारा नीट वाचा. कोकणात एकेका उताऱ्यावर इतकी नावं असतात की सह्या गोळा करता करता आणखी एक चैत्र जातो. तेवढ्यात इतर हक्कांचा रकाना बघून घ्या, आणि रस्त्याची नोंद आहे का तेही. वाट दिसते म्हणून ती तुमची नसते.

आमचं अजून ठरलेलं नाही. ह्यांचा समुद्र थोडा आत सरकलाय, माझी वाई थोडी महाग झालीये, लिफ्ट आहे तिथेच आहे. पाटण आणि आजरा अजून बघायचे राहिलेत, आणि वैशाख तोंडावर आलाय. सभागृहात कुणाची त्या बाजूला जागा असेल, एक रात्र तंबू टाकण्यापुरती, तर आभारप्रदर्शन झालं की मला भेटा. विहीर असेल तर सध्या पाणी किती हात आहे, तेही सांगा.