पॉज होत नाही गं आई

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात जे बोलले तेच आहे, वेबसाइटसाठी जरा कापलंय.)

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास सुटलाय आणि मला 10 मिनिटं दिलीयेत, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, एका 17 वर्षांच्या मुलाची आई आहे, आणि त्याच्या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या वेडाबद्दल बोलणारेय. आज काय बोलणार ते त्याला विचारून आलेय, आणि त्याची एकच अट होती की आई, गेमचं नाव घेऊ नकोस, तू ते चुकीचं म्हणतेस.

आम्ही पुण्याहून इकडे ब्रिटनमध्ये आलो तेव्हा तो 12 वर्षांचा होता. नवी शाळा, इंग्लिश येत होतं पण इथल्या पोरांचे जोक कळायचे नाहीत, भाजीचा वास येतो म्हणून डबा बंद झाला. पण घरी येऊन हेडफोन चढवून ऑनलाइन गेम लावला की कोथरूडची जुनी गँग हजर. म्हणजे मला वाटायचं पोरगं खोलीत एकटं बसलंय आणि त्याला वाटायचं की दिवसभरात एवढा वेळच आपण एकटे नसतो. हे मला कळायला दोन वर्षं लागली हो.

त्यात घड्याळाची गंमत बघा. हिवाळ्यात इथे चार वाजले की पुण्यात साडेनऊ, ती मुलं झोपायला गेली की इथली यायची, इथली झोपली की अमेरिकेतली, कारण इथे रात्रीचा एक वाजतो तेव्हा न्यूयॉर्कला आठच वाजलेले असतात. ब्रिटिश साम्राज्यावरचा सूर्य कधीच मावळला पण ह्या गेमवरचा काही मावळत नाही! झोप चार-पाच तासांवर आली, फुटबॉल सुटलं, मार्क घसरले, आणि एका सोमवारी म्हणाला शाळेत जात नाही.

मी काय केलं? भर मॅचमध्ये राउटरची वायर उपटली. त्याने दारावर मूठ मारली, दाराला भोक पडलं आणि त्याचा हात सुजला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या ते गेमचं खोकं विकून टाका, आणि मग स्वतःच हसल्या की ह्याचे आजोबा रमीला बसले की पहाटे उठायचे, तेव्हा कोणी पत्ते विकले नाहीत.

नंतर तो शांत झाल्यावर म्हणाला, आई ते पॉज होत नाही गं. मला खरंच माहीत नव्हतं. मी जेवायला ये म्हणून ओरडायचे, तो दोन मिनिटं म्हणायचा, मी म्हणायचे उद्धट झालाय. पण ऑनलाइन मॅचमध्ये समोर खरी माणसं असतात, मधेच उठलं की टीम हरते, वर बऱ्याच गेममध्ये उठणाऱ्याला पेनल्टी, काही वेळ खेळताच येत नाही. आणि मॅच संपली की लगेच दुसरी, गोष्टीच्या पुस्तकासारखं शेवटचं पान नाही. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर गेलं. लूट बॉक्स म्हणजे गेममधली विकत घ्यायची बंद पेटी, आपल्या जत्रेतलं सोरटच, पैसे द्या आणि काय निघेल ते नशीब. बेल्जियमने 2018 मध्ये त्याला सरळ जुगार ठरवलं. आणि अमेरिकेत फोर्टनाइट गेमवाल्या एपिक गेम्स कंपनीने 2022 च्या डिसेंबरमध्ये 52 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, त्यातले साडेचोवीस कोटी रिफंडचे, कारण बटणं अशी ठेवलेली की चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची, असा तिथल्या ट्रेड कमिशनचा आरोप होता. तेव्हा सगळं खापर पोरांवर फोडू नका.

आता आजार कुणाला म्हणायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतला, ती यादी 2022 पासून लागू आहे. त्यात तासांचा आकडाच नाही! खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि हे साधारण 12 महिने चालतं, घर-शाळा विस्कटते, तेव्हा. शनिवारी पाच तास खेळून रविवारी आनंदाने क्रिकेटला जाणारा मुलगा आजारी नाही, त्याला सोडा.

आमच्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पण तास विचारले नाहीत, खेळत नसतोस तेव्हा कसं वाटतं एवढंच विचारलं, आणि तो रडायला लागला. डिप्रेशन होतं. आधी गेम की आधी उदासी? काउन्सेलर म्हणाल्या ते कोंबडी-अंड्याचं आहे, दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

नुसती बंदी तर अख्ख्या देशाने करून बघितलीय. दक्षिण कोरियात 2011 पासून 16 च्या आतल्या मुलांना रात्री 12 ते सकाळी 6 ऑनलाइन गेम बंद होते, पोरं आईबापांच्या नावाने लॉगिन करायची, शेवटी 2022 च्या सुरुवातीला तो कायदाच गेला.

आमच्याकडे काय झालं तर आधी झोप सुधारली, कन्सोल हॉलमध्ये आणला, साडेदहाला बंद, फोन माझाही किचनमध्ये चार्जिंगला (हे मला जास्त जड गेलं). वायर ओढणं बंद, ही मॅच संपली की ये, एवढंच. नवरा शनिवारी त्याच्याबरोबर खेळायला बसतो आणि दर वेळी पहिल्या मिनिटात मरतो. मधे एकदा परीक्षेच्या वेळी सगळं परत घसरलं होतं, परत काउन्सेलिंग, असं चालू आहे.

लंडनला 2019 पासून एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, खास गेमिंग डिसऑर्डरसाठी सेंटर आहे, 13 वर्षांपासून पुढे घेतात. आम्ही जीपीकडेच सहा महिने उशिरा गेलो, कारण मंडळात कळलं तर काय, हे माझ्या डोक्यात होतं. हो, ह्याच मंडळात. दिवाळीला तो का नाही आला विचारलंत तेव्हा सर्दी झालीय म्हणून मी खोटं बोलले होते.

आज माझ्याकडे कढी वाढायचं काम आहे. कुणाला बोलायचं असेल तर पंगतीत नको, सगळे ऐकतात, नंतर फोन करा. रात्री दहानंतरही चालेल, पण साडेदहाच्या आत, मग फोन किचनमध्ये जातो.