परदेशात ऑपरेशन झाल्यावर राहायचं कुठे?

नमस्कार मंडळी. परदेशात ऑपरेशन करायचं ठरलं की आपला सगळा जीव डॉक्टर आणि हॉस्पिटल शोधण्यात जातो. राहायची जागा मात्र फोटो बघून घाईघाईत ठरवतो. पण हॉस्पिटलात तुम्ही मोजकेच दिवस असता. दुखणं, ड्रेसिंग, रात्रीची जाग, हे सगळं काढायचं असतं त्या गेस्टहाऊसच्या खोलीत.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी सोबत होते. खोली छान होती. मोठी खिडकी, गुबगुबीत सोफा. पहिल्याच संध्याकाळी आई त्या सोफ्यावर बसली आणि तिला उठताच येईना. मी काखेत हात घालून ओढायला गेले, तर ती कळवळली. शेवटी मालकीणबाईंनी जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची आणून दिली. तिथे होतो तोवर आई त्याच खुर्चीत बसली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, आधी पलंगाची उंची विचारा. कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. मग बाथरूम. उंबरा नको, धरायला दांडी हवी, शॉवरखाली बसायला स्टूल हवं. आणि "लिफ्ट आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कधीकधी लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या असतात. व्हिडिओ कॉल करा आणि गेटपासून पलंगापर्यंत चालत दाखवा म्हणा. खरंच सांगा त्यांना, लाजू नका.

पोटाचं ऑपरेशन असेल तर दोन उशा जास्तीच्या मागून घ्या. उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने गादीवर जोर देत वर या. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरा. टाक्यांवरचा ताण कमी होतो.

जागा आरामाची असली तरी दिवसभर लोळू नका. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तेवढं, थोडं थोडं, पॅसेजमध्ये चालत राहा. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही. ताप आला, जखम लाल व्हायला लागली, पू आला, तरी लगेच फोन करायचा. जखमेचा संसर्ग बऱ्याचदा हॉस्पिटलमधून सोडल्यावरच डोकं वर काढतो. म्हणून गेस्टहाऊस हॉस्पिटलच्या जवळचंच घ्या, थोडं साधं असलं तरी चालेल.

आता परतीचं तिकीट. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच असतो. त्यामुळे शरीरात अडकलेला वायू फुगतो. छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर किमान १० दिवस विमानप्रवास टाळा, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत उड्डाण नाहीच. तारीख तुमच्या सर्जनकडूनच घ्या, आणि तिकीट व खोली दोन्ही पुढे ढकलता येतील अशीच बुक करा.