पंप नसलेला आगीचा बंब

श्रोतेहो, नमस्कार. आगीचा बंब म्हटला की त्याला पंप असणारच, असं आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या गावांमधून जे केमिकल बंब धावत, त्यांना पंप नव्हताच.

गाड्यावर असायची तांब्याची टाकी, आपल्या न्हाणीघरातल्या बंबाच्याच धाटणीची, पण कितीतरी मोठी. तिच्यात खाण्याचा सोडा विरघळवलेलं पाणी आणि वरच्या अंगाला सल्फ्युरिक अ‍ॅसिडची बाटली. आगीपाशी पोचल्यावर ती बाटली आत उपडी करायची, की झालं! कार्बन डायऑक्साइड फसफसून निघे, टाकीत दाब चढे आणि रबरी नळीतून पाणी जोरात उसळे.

तेव्हाचे वाफेचे बंब ताकदवान खरे, पण बॉयलर तापून वाफ धरेपर्यंत वेळ जायचा. शिवाय त्यांना जवळ हौद, विहीर नाहीतर नळ लागे. केमिकल बंब आपलं पाणी बरोबर आणी आणि आल्याआल्या कामाला लागे. स्वयंपाकघरातली, माळ्यावरची आग तेवढ्यात विझे, आणि खालच्या मजल्यावरचं सामानही भिजून वाया जात नसे.

टाक्या पुष्कळदा दोन असत. एक चालू, तोवर दुसरी भरून तयार. जोखीमही होती. अ‍ॅसिड एकदा पडलं की गॅस थांबवता येत नाही. नळी तुंबली तर टाकी फुटायची भीती. काम संपलं की टाकी, नळी, सगळं धुवायचं, नाहीतर अ‍ॅसिड धातू खाणार. गॅसमुळेच आग मरते असा तेव्हा बराच गाजावाजा झाला. माझ्या मते गॅसचं काम मुख्यतः ढकलण्याचं. आग विझवायचं ते पाणीच.

पुढे पेट्रोलच्या मोटारी आल्या. लंडनजवळच्या टॉटनहॅममध्ये 1903 साली मेरीवेदर कंपनीचा मोटार बंब आला, त्यावरही केमिकल टाकीच होती. अमेरिकेत छोट्या गावांनी फोर्ड मॉडेल टीच्या गाड्यांवर अशा टाक्या बसवून घेतल्या. मग गाडीचं इंजिनच पंप फिरवू लागलं, पाण्याची टाकी सोबत आली, आणि सोडा-अ‍ॅसिडची कटकट कोण करणार? 1930च्या दशकापर्यंत हे बंब मागे पडले.

हीच युक्ती हातात धरायच्या नळकांड्यात मात्र टिकली. आपल्याकडच्या जुन्या थिएटरांत वाळूच्या बादल्यांशेजारी टांगलेलं ते लाल, निमुळतं नळकांडं आठवतं? त्याच्या टोकावरची मूठ आपटली की आतली अ‍ॅसिडची बाटली फुटायची.