खाडा

मंडळी, तुमच्यातले बरेच जण वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत सुपरवायझर आहात. काहींनी स्वतःची छोटी युनिटं टाकली आहेत. नेतृत्वावर बोला, असं मला सांगितलं गेलं. मी एका शब्दावर बोलणार आहे, आणि तो शब्द माझ्या घरातला आहे: खाडा.

माझे वडील ऊसतोडीचे मुकादम होते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. दिवाळी झाली की टोळी निघायची, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कारखान्याकडून उचल आणतो, कोयत्यांना वाटतो, आणि टनावारी मजुरीतून ती फिटेपर्यंत ती दोघं बांधलेली. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा. खाड्याचा दंड उचलीतच चढतो. बाईची पाळी असो की लेकराला ताप असो, वहीत एक फुली पडते. माझं अक्षर बरं म्हणून वडील सुट्टीत ती वही माझ्याकडून लिहून घ्यायचे. तारीख, नाव, फुली. कारणासाठी रकाना नव्हता.

वडील दुष्ट नव्हते. टोळीतलं लेकरू आजारी पडलं तर रात्री खोपीवर जाऊन बसायचे. पण कारखान्याला रोजचा ऊस लागतो, उचल बुडाली तर मुकादमाचंही रान जातं, म्हणून सकाळी तोच माणूस फुली मारायला सांगायचा. मला वाटतं, कामाच्या जागेवरचा बराचसा अन्याय असाच होतो. भल्या माणसाच्या हातून होतो, कारण वहीच तशी आखलेली असते.

त्या फुलीची किंमत किती, हे 2019 साली सगळ्या महाराष्ट्राला कळलं. राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं एकात एक गुंतलेली आहेत: लहान वयात लग्न, डोक्यावर मोळ्यांचं ओझं, फडात ना संडास ना पाणी, पिशवी काढा म्हणणारे डॉक्टर. पण पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हेही त्यांतलं एक कारण बायांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हे वाचलं त्या दिवशी मला ती वही आठवली. तिच्यातल्या फुल्या माझ्या अक्षरात होत्या.

पुढे मी शिकलो आणि वाळूजला एका कारखान्यात कार्मिक विभागात लागलो. आपण मुकादमाच्या वहीतून सुटलो, असं मला वाटत होतं. आमच्याकडे एक अडचण कायमची. मृगाचा पाऊस पडला की निम्मी पोरं पेरणीला गावी. पोळ्याला गावी, लगीनसराईत गावी. लाइनवर चाळीस जागा, माणसं बरोबर चाळीस. दोघं नसले की उत्पादन पडायचं, वरून फोन यायचा. मग मी एक योजना मांडली. महिनाभर एकही गैरहजेरी नसेल तर हजेरी भत्ता. एक दिवस चुकला की अख्खा भत्ता गेला. हजेरी झटक्यात सुधारली आणि माझं कौतुक झालं.

दुसऱ्या वर्षी पॉवर प्रेसवरच्या एका पोराची दोन बोटं गेली. एकवीस-बावीसचा असेल, परभणीकडचा. प्रेसला दोन हातांचं बटण असतं, दोन्ही हात बटणावर असले तरच प्रेस चालावी म्हणून; काम लवकर व्हावं म्हणून ते कुणीतरी बांधून ठेवलेलं होतं, ती चूक वेगळी आणि मोठी. पण घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, त्याच्या खाटेजवळ बसलो तेव्हा त्याच्या आईने सांगितलं, दोन दिवसांपासून अंगात ताप होता. मी विचारलं, मग आलास कशाला? तो म्हणाला, "साहेब, सव्वीस तारीख होती. चार दिवसांसाठी भत्ता जाऊ द्यायचा का?"

मंडळी, दंडाला मी बक्षिसाचं नाव दिलं होतं. खाडा तोच होता.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगतो, कारण नुसती हळहळ कुणाच्या कामाची नाही. पहिलं म्हणजे चाळीस जागांना चव्वेचाळीस माणसं घेतली. हे पटवायला मला आठ महिने लागले. व्यवस्थापनाला ती चार माणसं रिकामी दिसायची. पण माणूस आजारी पडणार, त्याच्या घरी मयत होणार, त्याला पेरणी असणार हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो बरोबर चाळीसच माणसं घेतो, तो स्वतःच्या नियोजनातली चूक कामगाराच्या डोक्यावर टाकतो. सोबत्यांचीही मनं बिघडतात, कारण एकाची रजा म्हणजे दुसऱ्याला डबल ड्यूटी. दुसरं, मे महिन्यातच विचारायला लागलो: रान कुणाकुणाला आहे, कोरडवाहू की बागायती, पेरणीला किती दिवस लागतील? रजेच्या पाळ्या लावल्या. पोरं न सांगता जायची ती सांगून जायला लागली. तिसरं, भत्ता मोडून पगारात घातला. आणि हजेरीपटात कारणाचा रकाना आला. गैरहजर माणसाला सुपरवायझरने आधी फोन करायचा, "घरी बरं आहे ना?" असं विचारायचं, मग नोंद करायची. सुरुवातीला काहींनी थापाही मारल्या. मारू द्या. थापा मारणारे चार असतात, पण वही त्यांच्यासाठी आखली की बाकीच्या शंभरांना ती टोचते.

हे मी काही नवं शोधलेलं नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, ती 10 जून 1890 ला मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, आणि माणसाला आठवड्यातून एक दिवस घरचा आणि समाजाचा असावा, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस भरलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. कामावर नसणं हा कामगाराचा हक्क आहे, हे आपल्या पूर्वजांनी मिळवून ठेवलेलं आहे.

आता जे माझ्याकडून झालं नाही ते सांगतो. वरचं सगळं कंपनीच्या पटावरच्या कामगारांसाठी झालं. ठेकेदाराकडची पोरं त्याच शेडमध्ये, त्याच प्रेसवर होती आणि त्यांना यातलं काही मिळालं नाही. सात महिने झाले की त्यांना ब्रेक दिला जायचा, म्हणजे कामावरून कमी करून पुन्हा नव्याने घेतलं जायचं, 240 दिवस भरूच द्यायचे नाहीत. ठेकेदाराच्या बिलावर माझी सही असायची. मी दोनदा विषय काढला, दोनदा गप्प बसलो, आणि मग निवृत्त झालो. ठेकेदार म्हणजे आमच्या गावचा मुकादमच, फक्त मोटारसायकलवर येतो.

तुमच्यातले काही जण मार्चअखेरीस ठेक्याचे नवे करार करतील. त्या कागदावर दर असतो, माणसांची संख्या असते, पेनल्टीचं कलम असतं. त्यात रजेचं कलम तुम्ही घालून घ्या, आणि ब्रेक देणार नाही असं ठेकेदाराकडून लिहून घ्या. कागद कसा लिहायचा यात मदत लागली तर मी घरीच असतो, केव्हाही या.