जागा सोडणे आणि पळून जाणे
(तालुका न्यायालयातील कनिष्ठ वकिलांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, अपघातानंतर घटनास्थळावरून निघून गेलेल्या चालकाचे वकीलपत्र घेतले की पहिली अडचण कायद्याची नसते, ती शब्दाची असते. फिर्यादीत लिहिलेले असते, ‘चालक वाहन सोडून पळून गेला’, आणि पुढे दोषारोपपत्रापर्यंत तेच वाक्य जसेच्या तसे उतरत जाते. जागा सोडणे आणि पळून जाणे यांत मात्र कायदा स्वतःच फरक करतो. तो फरक साक्षीपुराव्याने न्यायालयापुढे मांडता येतो का, एवढाच माझा आजचा विषय आहे.

समजा, पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीच्या अलीकडे रात्री अडीच वाजता एका मालट्रकची दुचाकीला धडक बसली. पाच-सात मिनिटांत शेजारच्या ढाब्यावरची माणसे गोळा झाली, कोणीतरी केबिनच्या काचेवर दगड घातला आणि चालक क्लीनरला घेऊन अंधारातून शेतात उतरला. हा मनुष्य गुन्हेगार आहे का? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३४ काढून वाचा. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करणे हे चालकाचे कर्तव्य आहे, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते शक्य नसेल, तर त्यातून सूट आहे. जमावाचा उल्लेख खुद्द संसदेने केलेला आहे, ही पळवाट वकिलांनी शोधलेली नाही. त्याच कलमाचा पुढचा खंड मात्र आपले पक्षकार सहसा विसरतात. पोलीस जागेवर नसतील, तर घटनेची हकीकत, आणि मदत का करता आली नाही त्याचे कारणही, जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. म्हणजे जमावाची सूट मदतीपुरती आहे, खबर देण्याच्या कर्तव्याला ती लागू नाही. आपला ट्रकचालक पहाटे पाच वाजता पुढच्या गावच्या ठाण्यात हजर झाला, तर त्याने जागा सोडली एवढेच म्हणता येईल. तोच चार दिवसांनी गावाकडच्या घरी सापडला, तर दगडाने फुटलेली काच त्याच्या फारशी उपयोगी पडणार नाही.

या कर्तव्यभंगाची शिक्षा कलम १८७ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ती सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी आहे. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याविषयीचे कलम १०६(१) येते, आणि जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मधली कमाल दोन वर्षांची शिक्षा तिथे पाच वर्षांवर गेली आहे. मृत्यू घडवून, खबर न देता निसटणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६(२) हे उपकलम तुम्हाला ठाऊकच आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकची चाके थांबली ती त्याच्यामुळे. २३ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने संहिता १ जुलैपासून अमलात आणताना हे उपकलम वगळले. म्हणून दोषारोपपत्रात ते दिसले, तर अपघाताच्या दिवशी ते अमलात होते का, हे आधी पाहावे. कृत्याच्या वेळी अमलात नसलेल्या कायद्याखाली कोणाला दोषी ठरवता येत नाही, हे सांगणारे संविधानाचे कलम २०(१) अशा वेळी फार लांबची गोष्ट राहत नाही. १०६(२) ची शब्दरचनाही बारकाईने वाचण्यासारखी आहे. ३०४-अ मध्ये बेदरकारपणा ‘किंवा’ निष्काळजीपणा होता, इथे ‘आणि’ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चालक निघून गेला म्हणून अपघात त्याच्या निष्काळजीपणाने झाला, हा निष्कर्ष खालच्या न्यायालयांत फार सहज निघतो, आणि तो अडवणे हे बचावाचे खरे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच मातृ विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खुनाच्या खटल्यात म्हटले आहे की, केवळ फरार होणे हे अपराधी मनाचा निर्णायक पुरावा नव्हे, कारण गंभीर गुन्ह्याचा संशय येताच निर्दोष माणूसही घाबरून जातो. घटनेनंतरचे वर्तन संबद्ध आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. निष्काळजीपणा सरकार पक्षाने स्वतंत्रपणे सिद्ध करायचा असतो. १९९८ च्या कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या निकालात तर न्यायालय म्हणते की, गाडी ‘जोरात’ होती एवढ्याने बेदरकारपणा सिद्ध होत नाही, कारण ‘जोरात’ हा सापेक्ष शब्द आहे. उलटतपासणीत म्हणूनच साक्षीदाराला वेगाचा आकडा विचारण्यापेक्षा तो कुठे उभा होता, अंधार किती होता, धडकेपूर्वी त्याचे लक्ष गाडीकडे कशामुळे गेले, हे विचारावे. बहुतेक साक्षीदारांनी आवाज ऐकून वळून पाहिलेले असते. त्याआधीचे त्यांनी काहीच पाहिलेले नसते. घटनास्थळ पंचनाम्यातल्या टायरच्या घसटीच्या खुणा, रस्त्याची रुंदी, दुभाजकातली तोड आणि मोटार वाहन निरीक्षकाचा ब्रेकविषयीचा अहवाल या चार गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्यात घालवलेला एक तास दहा निवाडे वाचण्यापेक्षा मोलाचा, असे माझे मत आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकार विरुद्ध संजीव नंदा या दिल्लीच्या प्रकरणात १० जानेवारी १९९९ च्या पहाटे मोटारीखाली सहा माणसे गेली, त्यांत तीन पोलीस होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा ३०४-अ मधून काढून सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ भाग दोनमध्ये नेला, आणि जखमींना मदत न करता निघून जाण्याचे वर्तन फार गंभीरपणे घेतले. त्याच वर्षी आपल्या वांद्र्याच्या कार्टर रोडवरील ॲलिस्टर परेरा प्रकरणात, जिथे पदपथावर झोपलेले सात मजूर गेले, तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. मद्य आणि परिणामांची जाणीव सिद्ध झाली, की माझा आतापर्यंतचा युक्तिवाद लंगडा पडतो. पक्षकाराला हे पहिल्याच भेटीत सांगावे.

खबर काय द्यायची, हा नाजूक प्रश्न आहे. संविधानाच्या कलम २०(३) नुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती नाही, आणि कलम १३४ तर चालकालाच घटना कळवायला सांगते. माझ्या मते वाट सरळ आहे. वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, धडक झाल्याची वस्तुस्थिती, जमाव जमल्याची व मदत न करता आल्याची कारणे एवढे लेखी द्यावे, आणि त्यावर पोहोच घ्यावी. ‘माझी डुलकी लागली’, ‘माझे लक्ष नव्हते’ असली वाक्ये त्यात नसावीत. तशी लिहिली गेलीच, तर सर्वोच्च न्यायालयाच्या अघ्नू नागेसिया प्रकरणातील निकालाचा आधार आहे. आरोपीने स्वतः दिलेली खबर कबुलीजबाबाच्या स्वरूपाची असेल, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण औषध घरात आहे म्हणून कोणी मुद्दाम आजारी पडत नाही.

जमावाचा बचाव घ्यायचा, तर पुरावा लगेच गोळा करावा लागतो. ही बाब चालकाच्या खास माहितीतली असल्याने ती निदान संभवनीय वाटेल इतके त्यालाच दाखवावे लागते. फुटलेल्या काचेचे छायाचित्र, ११२ क्रमांकावर केलेल्या कॉलची वेळ, फास्टॅगची नोंद, ढाब्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण या गोष्टी उपयोगी पडतात. कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जतन करण्याचा अर्ज जामीन अर्जाच्या बरोबरीने द्यावा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र तेव्हाच मागून ठेवावे.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही निवाड्यात सापडणार नाही. असा चालक तुमच्या कार्यालयात एकटा येत नाही, त्याला गाडीचा मालक घेऊन येतो आणि फी मालकच देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार, गाडी कोण चालवत होते हे पोलिसांनी विचारल्यावर सांगण्याची जबाबदारी त्या मालकाची असते, त्यामुळे दोघांचे हित एकच असेल असे नाही. कधी परवाना नसलेल्या पोराऐवजी पगारी चालक उभा केलेला असतो, आणि तो पढवल्यासारखी हकीकत सांगत बसतो. असला बनाव म्हणजे अपघाताहून मोठ्या गुन्ह्यात पाऊल टाकणे आहे, आणि त्यात वकिलाचाही हात अडकतो. वकीलपत्रावर सही चालकाची असते. म्हणून मालकाला चहा सांगावा, बाहेरच्या बाकावर बसवावे, दार लावून घ्यावे आणि मगच पहिला प्रश्न विचारावा: स्टिअरिंगवर कोण होते?