चौथ्या दिवसाचा ताप

मंडळी, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत विषमज्वराच्या प्रकारांमध्ये ‘चतुर्थक’ असं एक नाव येतं. आज हुडहुडी भरून ताप आला, मधले दोन दिवस माणूस हिंडूफिरू लागला, आणि चौथ्या दिवशी पुन्हा गोधडीत. हिवतापाच्या परजीवींमध्ये नेमकी याच चालीची, म्हणजे दर ७२ तासांनी तांबड्या पेशी फोडणारी एक जात आहे, प्लास्मोडियम मलेरिए. इटलीत पाव्हियाला कामिल्लो गोल्जी यांनी १८८५-८६ च्या सुमारास तापाची वेळ आणि रक्तातल्या परजीवींची वाढ यांची सांगड घातली, ती या चौथ्या दिवसाच्या तापावरच. आज मात्र तक्त्यांत ही जात ‘इतर’च्या रकान्यात बसते. तिच्या शेजारी ओव्हाले, जिचं वर्णन १९२२ साली लिव्हरपूलच्या स्टीफन्स यांनी केलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले ९४ टक्के रुग्ण आफ्रिकेतले, एकट्या नायजेरियात जवळपास पाव. मृत्यूंना मुख्यतः फाल्सिपेरम ही जात जबाबदार, यात वाद नाही. पण ‘आफ्रिकेत फाल्सिपेरमच’ हे वाक्य आपण म्हणतो कशाच्या जोरावर? तिथे फार मोठ्या प्रमाणात वापरली जाणारी झटपट रक्ततपासणीची किट (परजीवी सापडला की तिच्यावर रेघ उमटते) एचआरपी-२ हे प्रथिन शोधते, आणि ते फाल्सिपेरमच तयार करतो. सर्व जातींसाठी वेगळी रेघ असलेल्या किटही मिळतात, पण रक्तात परजीवी थोडे असले की ती रेघ उमटत नाही. मलेरिए आणि ओव्हाले तर कायमचे थोडकेच असतात. त्यातून बऱ्याचदा ते फाल्सिपेरमच्या सोबतीने येतात. मग एक रेघ उमटली, औषध दिलं, विषय मिटला.

काचपट्टीवर तरी दिसतात का? मी तरुणपणी स्लाइड वाचायला बसायचो, त्यामुळे हे जरा मायेने सांगतो. काचेवर रक्त पातळ पसरवलेल्या फिल्ममध्ये मलेरिए देखणा दिसतो. पेशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलेला, कंबरपट्ट्यासारखा. पिकला की मधोमध काळपट रंगद्रव्याचा ठिपका आणि भोवती आठ-दहा पाकळ्या, थेट शेवंती. पण रोजचं काम चालतं रक्ताच्या जाड थेंबावर. त्यात पेशीच विरघळून जातात. कंबर नाही तर पट्टा कसला ओळखणार!

आणि पट्टा दिसला तरी फसगत होते. मलेशियातल्या सारावाकमध्ये, कापित भागात, मलेरिएचे रुग्ण जास्त सापडत होते आणि त्यांचं दुखणं या जातीला शोभेसं नव्हतं. बलबीर सिंग आणि सहकाऱ्यांनी पीसीआर, म्हणजे परजीवीच्या डीएनएची तपासणी केली, २००४ मध्ये निष्कर्ष छापले. २०८ रुग्णांपैकी १२० जणांत माकडांचा परजीवी नोलेसी निघाला. मलेरिए? एकातही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे जुळ्या भावांसारखे, पण नोलेसी २४ तासांत दुप्पट-चौपट होतो आणि जीवही घेतो.

आता खरा प्रश्न. फाल्सिपेरम कमी केला की मलेरिए आणि ओव्हाले आपोआप जातात का? नायजेरियातल्या गार्की प्रकल्पात, १९७० च्या दशकात, पावसाळ्यात फाल्सिपेरमचं राज्य आणि तो ओसरला की कोरड्या दिवसांत मलेरिए वर, असं चित्र दिसलं होतं. सेनेगलमधल्या डिएल्मो गावात १९९० पासून अख्ख्या गावाच्या तापांवर रोज लक्ष ठेवलं. तिथे नवी औषधं आणि २००८ मध्ये मच्छरदाण्या आल्यावर हे दोघेही जवळजवळ दिसेनासे झाले. उलट पूर्व टांझानियातल्या न्यामिसातीत फाल्सिपेरम उतरत गेला, तरी हे दोघे ठाण मांडून राहिले. दोन गावं, दोन उत्तरं. मला विचाराल तर न्यामिसातीकडे जास्त लक्ष द्यावं, कारण ओव्हाले यकृतात निजून राहतो आणि हिवतापावर नेहमी दिली जाणारी आर्टेमिसिनिन आणि त्याच्या जोडीच्या औषधाची जोडगोळी त्या निजलेल्याला हात लावत नाही. काही महिन्यांनी ताप उलटला की घरचे म्हणतात, नवा डास चावला.

‘सौम्य आहे हो’ हे ऐकलं की मला राग येतो. नायजेरियात इबादानच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात अंगावर सूज, लघवीतून प्रथिन जाणारी मुलं पाहिली, आणि त्या मूत्रपिंडाच्या विकाराचा धागा मलेरिएशी जोडला. तापाचा परजीवी मारूनही सूज हटत नसे. अशी मुलं हिवतापाच्या मृत्यूंत मोजली जात नाहीत.

आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी हिवतापाची आर-२१ लस आफ्रिकेत जाते, याचा अभिमान जरूर बाळगा. ती फाल्सिपेरमविरुद्ध घडवलेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

आणि आपल्या दाराशी काय? गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, जंगलातल्या गावांमध्ये, मलेरिएचं नवं केंद्र सापडल्याचं संशोधकांनी २०१३ मध्ये छापलं आहे. तिथला डास नि माणूस जिल्ह्याची सीमा बघून थांबत नाही. आपल्या आशाताईंकडची किट दोन जाती ओळखते, पीएफ (फाल्सिपेरम) आणि पीव्ही (व्हायव्हॅक्स). मलेरिएचा रुग्ण असला तर बहुधा कंट्रोलची, म्हणजे किट चालते एवढंच सांगणारी रेघ तेवढी उमटते. ताई ‘निगेटिव्ह’ लिहितात, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्या विचारपूस करायला जातात, तर रुग्ण अंगणात बसून मोहफुलं निवडत असतो. ताप उतरलेला असतो, दोन दिवसांपुरता.