मंक पियानोवरून उठायचा तेव्हा

तर मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं की जॅझच्या चौकडीत चौघंही मनाला येईल ते वाजवतात का. नाही हो काका. तबला सोलोला हार्मोनियमवर लेहरा असतो ना, तसं धरा. आधी एक धून वाजते, मग त्याच धूनच्या कॉर्ड्सचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांचं, आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं, आणि एकेक जण त्यावर आपलं सांगतो. बास आणि ड्रम्स ठेका सांभाळतात, पियानो कॉर्ड्स पुरवतो, म्हणजे सॅक्सोफोनवाल्याला कळतं आपण आवर्तनात कुठे आहोत ते.

आता लेहरा वाजवणारा मधेच उठून नाचायला लागला तर? जॅझचा पियानोवादक थेलोनियस मंक हेच करायचा.

जागा न्यूयॉर्कची, कूपर स्क्वेअरवरचा फाइव्ह स्पॉट कॅफे. टर्मिनी भावांचा बार, भाग तसा गरिबीचा, दारुड्यांचा, पण आसपास चित्रकार राहायला आलेले, डी कूनिंग वगैरे मंडळी तिथे बसायची. साल 1957. मंकला 1951 मध्ये ड्रग्जच्या केसमध्ये पकडलं होतं आणि त्याचं कॅबरे कार्ड गेलं होतं. हे कार्ड पोलीस द्यायचे, ते नसेल तर दारू मिळते अशा ठिकाणी वाजवता यायचं नाही, म्हणजे न्यूयॉर्कच्या क्लबांत बंदीच की हो, आणि ती सहा वर्षं! कार्ड परत मिळालं आणि मंक फाइव्ह स्पॉटमध्ये जवळजवळ सहा महिने ठाण मांडून बसला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, बासवर विल्बर वेअर, ड्रम्सवर शॅडो विल्सन. कोल्ट्रेनला त्याच वर्षी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने व्यसनापायी बँडमधून काढलं होतं, आणि त्याच वर्षी त्याने व्यसन सोडलंही.

कोल्ट्रेनचा सोलो रंगात आला की मंक हात उचलायचा, उठायचा, पियानोशेजारी गोल गोल फिरत, पाय घासत नाचायचा. लोकांना वाटायचं विक्षिप्तपणा. मला विचाराल तर तीच त्याची साथ होती, कॉर्ड्स काढून घेतल्या की कोल्ट्रेनला खाली फक्त बास आणि ड्रम्स उरायचे आणि वर मोकळं आकाश. कोल्ट्रेननेच पुढे सांगितलंय की मंकबरोबर जरा लक्ष हटलं की लिफ्ट नसलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात पाय पडल्यासारखं व्हायचं. आणि ही गंमत छोट्या खोलीतच चालते, कारण मागच्या टेबलावरच्यालाही दिसतं की पियानोवर कोणी नाही, आता हा काय करणार?

वाईट एवढंच की त्या 1957 च्या रात्रींचं धड रेकॉर्डिंग नाही, दोघं वेगवेगळ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या करारात अडकलेले. कार्नेगी हॉलची त्याच वर्षीची एक टेप 2005 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, बास तेव्हा अहमद अब्दुल-मलिककडे होता. आवाज झकास आहे, पण तो मोठा हॉल, तिथे पब्लिक शहाण्यासारखं बसलेलं.

म्हणून मी आज आणलंय ते 1958 च्या ऑगस्टमधलं, फाइव्ह स्पॉटमधलंच. चौकडी बदललीय, सॅक्सवर जॉनी ग्रिफिन, ड्रम्सवर रॉय हेन्स, बासवर अब्दुल-मलिकच. 'ब्लू मंक' लावतो. ही बारा बारची, म्हणजे बारा खंडांच्या आवर्तनाची ब्लूज आहे, एकताल समजून बारा मात्रा मोजू नका, मी पहिल्यांदा तसंच केलं आणि पार घोळ झाला. एकेका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीसचं. पण ते सोडा, बोटं मोजायला लागलात तर ऐकणं राहून जाईल. फक्त पियानोवर कान ठेवा. ग्रिफिनच्या मागे तो कधी आहे आणि कधी नाही, तेवढं बघा. काका, मागचा तो पंखा जरा बंद करता का, खरखर येतेय.